हलकं ओझं

पाइनी फोर्क, टेनेसी
२१ मार्च १९९९

नेड्रा,

तुझे पाचही स्कर्ट कंबरेत आत घेतले. ते पिशवीत आहेत, पिशवी आईच्या मांडीवर आहे, आणि आई एस्टेलच्या ट्रकमध्ये. मावसभाऊ असला तरी बरा चालवतो, आणि नाहीतरी दर पंधरवड्याला लाकडं घेऊन तुमच्या ब्रायरवुडवरूनच जातो. हे पत्र आईच्याच हाती देतेय. फोनवर आपण दोघी पाच मिनिटांत हमरीतुमरीवर येतो, म्हणून लिहून काढते. कागदाला मधे तोंड घालता येत नाही.

आधी कामाचं. आईचं इन्सुलिन सकाळी आणि संध्याकाळी. सुई टोचली की अर्ध्या तासात ती जेवलीच पाहिजे, मग दारात कोणी का येईना. हात थरथरायला लागले, दरदरून घाम सुटला, की समज साखर उतरली. लगेच ग्लासभर संत्र्याचा रस द्यायचा, विचारत बसायचं नाही. उलट सारखी तहान लागून पेंगायला लागली, तर साखर चढली, तेव्हा सरळ डॉक्टर. तिचे डोळे आता इतके अधू झालेत की तिला स्वतःची सुई भरता येत नाही आणि दोन ओळी लिहिताही येत नाहीत. अकरा वर्षं मी हे करतेय. तुला महिना-दीड महिना करायचंय. मदर्स डेच्या आधी तिला परत पाठव. गेल्या वर्षी चर्चमध्ये सगळ्यांत वयस्कर आई म्हणून मिसेस गेंट्रीला फुलांची खुर्ची मिळाली होती. त्या जानेवारीत वारल्या. यंदा खुर्ची आपल्या आईची आहे, आणि तिच्या शेजारी उभी राहणार आहे मी. मी ड्रेसही शिवायला घेतलाय.

आता मनातलं. फेब्रुवारीत तू दारात येऊन उभी राहिलीस तेव्हा आईनं तुला ओळखलंच नाही. मग म्हणाली, "माझी पोर परत एकोणीस वर्षांची झाली की गं." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ वर्लीन, मनावर घेतलं की होतं." मी तेव्हा खाली बसून तिचे पाय धूत होते.

मी जळले, नेड्रा. लपवून काय करू, तुझे स्कर्ट शिवताना प्रत्येक टाक्याला जळले. तू निघालीस आणि दुसऱ्या दिवसापासून आईचं सुरू झालं, मला नेड्राकडे जायचंय, मला तिच्यासारखं व्हायचंय. वयाच्या शहात्तराव्या वर्षी. जाऊ दे म्हटलं. दुरून डोंगर साजरे, जवळ राहून बघ म्हणावं.

तुझी बहीण,
वर्लीन

ब्रायरवुड
११ एप्रिल १९९९

प्रिय वर्लीन,

प्रभूची स्तुती असो. आई मजेत आहे. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, शेवटचा भाग सोडून.

तुला आमच्या 'हलकं ओझं' मंडळीबद्दल चिडवायची सवय आहे, पण एकदा नीट ऐक. इथे काही वर्ज्य नाही. केक खा, लोणी खा. फक्त पोटातून खरी हाक येईपर्यंत थांबायचं. ती हाक म्हणजे प्रभूचा आवाज. हाक आली की ताटात वाढून घ्यायचं आणि बरोबर अर्धं झालं की ताट सारायचं. उरलेलं अर्धं प्रभूला. हाक नसताना खाल्लं तर ते खाणं नव्हे, मूर्तिपूजा. आमच्या प्रमुख सिस्टर लव्हॉन म्हणतात, ज्यानं रानात आकाशातून मन्ना नावाचं अन्न दिलं, त्याला माप ठाऊक आहे.

दर गुरुवारी आम्ही जमतो, वजन करतो, आपापली साक्ष देतो, म्हणजे प्रभूनं आपल्याला कसं बदललं ते सर्वांपुढे सांगतो. आता तर आमची सगळी गल्ली मंडळीचीच आहे. हे घर मंडळीतल्याच एका ब्रदरनं आम्हा नवरा-बायकोला मिळवून दिलं, हार्लनची नोकरीही त्यांच्याच गोदामात. संध्याकाळी कोणाच्याही घरात जावं, सगळ्या माझ्या बहिणी. मला डोंगरातून इथे येऊन इतकी वर्षं झाली, पण एकटं वाटत नाही ते आता कुठे.

आईचं वजन नऊ पौंडांनी उतरलं. सिस्टर लव्हॉननी तिला मिठी मारली तेव्हा आई लाजली अगदी. तू तिला कधी लाजताना पाहिलंयस?

राग मानू नकोस, पण तुझ्या पोटात दुखतंय, आणि ते तू स्वतःच लिहिलंयस. मी गुरुवारी तुझ्यासाठी प्रार्थना मागितली.

नेड्रा

पाइनी फोर्क
२० एप्रिल

नेड्रा,

हो, दुखतं माझ्या पोटात. आणि माझं पोट मोठं आहे, तेव्हा दुखतंही जास्त.

पण माझ्यासाठी अनोळखी बायकांपुढे प्रार्थना मागायची नाही. वजन सांगितलंस का माझं त्यांना? सांगितलंच असशील. आणि एक सांग, सख्खी बहीण मी. त्या बयेला 'सिस्टर' म्हणताना तुझी जीभ एकदाही अडखळत नाही? मला तर तू जन्मात 'सिस्टर' म्हणाली नाहीस. लहानपणी 'ए जाडे' म्हणायचीस.

सुईनंतर अर्धा तास, हे मी लिहिलं होतं. त्यात हाक-बिक काही नव्हती. आईला हाक येवो न येवो, तिला वेळेवर जेवू घाल. तिचं वजन उतरलं तर उतरू दे बाई, डॉक्टर वीस वर्षं तेच सांगतोय. माझं मेलीचं ऐकलं नाही तिनं. मी ताटातून बटाटा उचलला की रुसायची, आणि तुझ्या सिस्टरनं अर्धं ताट काढून घेतलं की लाजते. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

एस्टेलबरोबर निळ्या झाकणाच्या भांड्यातून चिकन-डम्पलिंग पाठवतेय, आजीच्या पद्धतीनं. आईला आवडतात. तू खाल्लीस तरी चालेल. तुझ्या वाटचं अर्धं प्रभूला दे, पण भांडं मला दे.

एकोणीस दिवसांनी मदर्स डे. ड्रेसचा फक्त खालचा काठ दुमडून शिवायचा बाकी आहे.

वर्लीन

ब्रायरवुड
१२ मे १९९९

प्रिय वर्लीन,

काय सांगू आणि किती सांगू असं झालंय.

आई मदर्स डेला आली नाही म्हणून तू चिडली असशील, पण मी ऐन वेळी ठरवलं नाही. सिस्टर लव्हॉननी आईलाच साक्ष द्यायला बोलावलं. अख्ख्या सभागृहात ती सर्वांत वयस्कर. सकाळी ती जेवली नव्हती, हाक आली नव्हती ना. मी तिला हात धरून व्यासपीठावर नेलं. तिनं सांगितलं की आयुष्यभर मी अन्नाची गुलाम होते आणि माझ्या धाकट्या मुलीनं मला सोडवलं. वर्लीन, बोलता बोलता तिचे हात थरथरायला लागले. कपाळावरून घाम निथळत होता, ओठ हलत होते पण शब्द फुटेना. सिस्टर लव्हॉननी माईक घेतला आणि म्हणाल्या, "बघा, आत्मा उतरतोय." पाचशे माणसं उभी राहिली. बायका हमसून हमसून रडत होत्या. टाळ्या थांबेचनात. मी आजवर असं काही पाहिलं नव्हतं.

नंतर ती बराच वेळ निजून होती. मोठ्या भेटीनंतर शरीर थकतंच म्हणे.

ती अजून इथेच राहील. फोन आता दिवाणखान्यात नाही, हार्लनच्या खोलीत कुलुपात असतो. नातेवाइकांचे फोन मन जड करतात असं अनुभवाला आलंय, त्यामुळे सगळ्या गल्लीनंच तसं ठरवलंय. तू लिहीत जा.

तुझं भांडं एस्टेलबरोबर परत पाठवतेय.

नेड्रा

पाइनी फोर्क
१९ मे

नेड्रा,

पाचशे माणसं. टाळ्या. माझ्या धाकट्या मुलीनं मला सोडवलं.

इथे त्या रविवारी फुलांची खुर्ची रिकामी होती. मी नवा ड्रेस घालून पहिल्या रांगेत बसले होते. पाळकांनी विचारलं, "वर्लीन, आई कुठे?" मी म्हटलं, "धाकटीकडे." सगळं चर्च कसनुसं हसलं. शेवटी खुर्ची ओला मे बार्न्सला दिली, जिला अजून सत्तरावं वर्षही लागलं नाही. आणि आई तिकडे तुझ्या हाताला धरून मिरवत होती. मी तिचे पाय धुतले, नखं कापली, अकरा वर्षं रोज दोनदा सुई टोचली. मला काय मिळालं, तर 'मनावर घेतलं की होतं.' तुला मिळाल्या पाचशे माणसांच्या टाळ्या. तुझं ते पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा 'धाकट्या मुलीनं' या शब्दांपलीकडे माझी नजर जाईना.

ते असो. माणूस टाळ्यांना भुलतं. पण भांड्याचं मी विसरणार नाही.

काल एस्टेलनं ते आणून ओट्यावर ठेवलं. मी झाकण उघडलं. स्वच्छ घासलेलं आणि रिकामं. नेड्रा, आपल्या डोंगरात कोणी कोणाचं भांडं रिकामं परत करत नाही. दोन टोमॅटो घालतात. मक्याच्या भाकरीचा तुकडा, मूठभर शेंगा, काहीच नसलं तर बागेतलं फूल. बाबा गेले त्या आठवड्यात आईकडे एकोणीस भांडी आली होती, आणि त्या दुःखातसुद्धा तिनं एक भांडं रिकामं जाऊ दिलं नाही. रिकामं भांडं कोण पाठवतं? ज्याला संबंध तोडायचेत तो. हे तुला ठाऊक आहे आणि आईलाही ठाऊक आहे. त्या घरात दोघी होता, एकीलाही काही घालावंसं वाटलं नाही.

निरोप पोचला. ठेव तुझ्याकडे आई. मी आता लिहिणार नाही.

वर्लीन

ब्रायरवुड
९ जून १९९९

प्रिय वर्लीन,

तू खरंच लिहिणं बंद केलंस असं दिसतंय. सिस्टर लव्हॉन म्हणतात, तुझ्यासारख्यांचा राग हा जुन्या आयुष्याचा राग असतो, त्याला उत्तर देऊ नये. पण मी देतेय. कोणाला सांगितलेलं नाही.

भांड्याचं मला कळलं नाही. आमच्याकडे रिकामं भांडं शुभ मानतात. साक्षीत असंच म्हणतो आम्ही, 'मला रितं कर.' तरी मी त्यात चार पीच घालायला निघाले होते. ते का राहिलं आता आठवत नाही. डम्पलिंग आम्ही खाल्ली नाहीत हे खरं. सिस्टर लव्हॉन तेव्हा इथेच होत्या. त्यांनी ती सिंकमध्ये ओतायला सांगितली. आई बघत होती.

गेल्या गुरुवारी जरा वाईट झालं. आईच्या पर्समध्ये खारी क्रॅकर बिस्किटं सापडली, रुमालात गुंडाळलेली. तिला सर्वांसमोर उभं राहून सांगावं लागलं. ती सांगताना रडली नाही, नुसती त्या बायकांकडे बघत राहिली. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "का गं चोरून?" ती म्हणाली, "मला भूक लागली होती, नेड्रा." इतकं साधं बोलली ती.

सुई सध्या बंद आहे. सिस्टर लव्हॉनचं म्हणणं, ती सुई लठ्ठपणासाठी होती, आणि लठ्ठपणा गेला की कुबड्या कशाला. सुई घेत राहणं म्हणजे प्रभूवर अविश्वास. हार्लनलाही पटलं. आईचे थरथरण्याचे प्रकार थांबलेत, हे मात्र खरं आहे.

ती दिवसभर खिडकीत बसते. एस्टेलचा ट्रक कधी येणार विचारते. एस्टेलला मंडळीच्या फाटकातून आता आत सोडत नाहीत हे मी तिला सांगितलेलं नाही.

नेड्रा

ब्रायरवुड
३० जून १९९९

वर्लीन,

घाईत लिहितेय, हार्लन गोदामावरून यायच्या आत.

तू एक ओळ तरी लिही. शिव्या दे. आई खूप झोपते आणि उठली की पाणी मागते, भरलेला जग रिकामा करते आणि परत मागते. सिस्टर लव्हॉन म्हणतात ही आत्म्याची तहान आहे. मी हो म्हटलं. रात्री अंथरुणात मला तुझ्या मार्चमधल्या पत्रातलं काहीतरी आठवत होतं. ते पत्र आम्ही जुन्या सगळ्या कागदांबरोबर जाळलं, त्यामुळे बघता येत नाही. तहानेचं काय लिहिलं होतंस तू?

तिच्या डाव्या पायाचं बोट काळं दिसतंय.

नेड्रा

पाइनी फोर्क
१८ जुलै १९९९

नेड्रा,

आई जिवंत आहे. काल घरी आणली. डाव्या पायाची दोन बोटं काढली, पाय वाचला. डॉक्टर म्हणाला आणखी एक दिवस गेला असता तर शुद्धीवर आली नसती. तुला दवाखान्यात येऊ दिलं नाही हे मला कळलं. म्हणून हे सगळं लिहितेय, नाहीतर तुझं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती.

तुझं जूनमधलं पहिलं पत्र मी रागानं न उघडताच ठेवून दिलं होतं. दुसरं आलं तेव्हा मी मिसेस टॅकेटच्या मुलीचा लग्नाचा झगा बेतत होते. 'पाणी मागते' एवढं वाचलं आणि कात्री कापडातच सोडून गाडीत बसले. साडेतीन तासांचा रस्ता. वाटेत मला तुझं मे महिन्यातलं पत्र आठवलं. थरथर, घाम, शब्द फुटेना. अगं, मी मूर्ख, अकरा वर्षं जिनं रसाचे ग्लास भरले ती मी. तिची साखर उतरत होती आणि तुमची पाचशे माणसं टाळ्या वाजवत होती. आणि मी इथे बसून ते तीनदा वाचलं आणि मला काय दिसलं, तर टाळ्या. माझ्याइतकं चांगलं ते कोणाला कळायला हवं होतं? पण मला तुझा हेवा वाटण्यातून सवड कुठे होती.

फाटकावरच्या माणसाला मी सांगितलं की सिस्टर लव्हॉनचा ड्रेस द्यायला आलेय. सोडलं त्यानं. पुढचं तुला माहीत आहे, पण तू आधी जिन्यावर तोंड झाकून बसली होतीस, म्हणून सांगते. आई खुर्चीत कलंडली होती आणि तिच्या तोंडाला सडक्या सफरचंदासारखा वास येत होता. मी तिला उचललं. काही वजनच नव्हतं तिला. मी वळले तर पुढच्या दारात तुझी सिस्टर आणि तिच्यामागे सहा-सात बायका, हातात हात घालून, गाणं म्हणत. इतक्या बारीक की एकीमागे एक उभ्या राहिल्या असत्या तर एकच दिसली असती. ती म्हणाली, "भगिनी, तुमच्यावर खूप ओझं आहे." मी म्हटलं, "आहे ना, बाजूला हो नाहीतर अंगावर पडेल." माझं वजन जन्मात पहिल्यांदा कामी आलं असतं. पण तेवढ्यात मागे गॅरेजचं विजेवरचं दार वर सरकल्याचा आवाज आला, आणि मी आईला घेऊन तिथून बाहेर पडले. बटण कोणी दाबलं ते मी पाहिलं, नेड्रा. त्यांनीही पाहिलं असेल.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. चौथ्या दिवशी आईनं डोळे उघडले. मला बघून पहिलं काय म्हणाली सांगू? "तुला भांडं मिळालं नाही का?"

मी म्हटलं, "मिळालं की."

"मग आली का नाहीस?"

मला कळेना. मग ती थांबत थांबत बोलली. मदर्स डेला व्यासपीठावरून उतरल्यावर तिनं रस मागितला, तर तिला पाणी दिलं आणि म्हणाले प्रार्थना कर. तेव्हाच तिला कळलं की इथून निघायला हवं. फोन कुलुपात. लिहिता येत नाही. एस्टेल आत आला तेव्हा दोन बायका शेजारी उभ्या, त्यामुळे त्यालाही काही सांगता आलं नाही. "नेड्रा भांड्यात पीच घालायला लागली," ती म्हणाली, "मी म्हटलं राहू दे, मी घालते काहीतरी. आणि मुद्दाम रिकामं दिलं. मला वाटलं, रिकामं भांडं बघितलं की वर्लीन त्याच दिवशी भांडायला येईल. दार फोडून येईल. मी खिडकीत बसून वाट बघायचे." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "तू जन्मात कधी राग गिळून बसली नाहीस. हाच बरा गिळलास."

मी उठून तिची उशी सरळ केली.

वर्लीन

ब्रायरवुड
२ ऑगस्ट १९९९

वर्लीन,

हे पत्र मी गल्लीबाहेरच्या पेटीत टाकणार आहे.

बटणाचं त्यांनी पाहिलं. आता गुरुवारी माझ्याशी कोणी बोलत नाही, सगळ्यांना तसं सांगितलंय. हार्लन वेगळ्या खोलीत झोपतो. सिस्टर लव्हॉननी सभेत सांगितलं की आईचा विश्वास क्रॅकरपाशी अडला म्हणून ती आजारी पडली. मी खाली मान घालून बसले. मला चाळीस दिवसांचा पश्चात्ताप नेमून दिलाय, म्हणजे दिवसातून एकदाच अर्धं ताट. शिवाय तुझ्याशी संबंध तोडल्याची साक्ष द्यायची. ती मी अजून दिलेली नाही. येत्या गुरुवारी देईन की नाही, माहीत नाही. दिली नाही तर घर जाईल, हार्लनची नोकरी जाईल, आणि मग या जगात मला ओळखणारं माणूस उरत नाही.

तू म्हणशील बरं झालं. म्हण.

पण मला भांड्याचंच सुचतंय सारखं. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या ओट्यापाशी ती उभी होती. मी हातातले पीच खाली ठेवले. माझ्याकडे बघून तिनं एवढंच म्हणायचं होतं, नेड्रा, मला इथून ने. मी तिथेच होते गं, एक हात अंतरावर. आणि तिनं साडेतीन तासांवरच्या तुला हाक मारली. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच हातून मारली.

तुला माझा हेवा वाटत होता म्हणतेस. कशाचा, स्कर्टांचा? मी एकोणिसाव्या वर्षी डोंगर सोडला तेव्हापासून ती तुझी होती. ख्रिसमसला मी यायचे तेव्हा तुम्ही दोघी अर्ध्या वाक्यांत बोलायचात आणि मला काही कळायचं नाही. मी बारीक झाले तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे टक लावून पाहिलं. ती ट्रकमधून उतरली, मी तिला घरात घेतलं, आणि वाटलं, आता हिला मी दाखवीन की मलाही सांभाळता येतं. मंडळीनं मला सुई बंद करायला सांगितली तेव्हा मला भीती वाटली होती, वर्लीन. पण सुई ही तुझी पद्धत होती. मला माझ्या पद्धतीनं तिला बरं करायचं होतं.

आता कळलं की तिला ते माझ्याकडून नकोच होतं. तुझ्यावर मी आज जितकी जळतेय तितकी जन्मात कोणावर जळले नाही.

तिच्या पायाचं कसं आहे?

नेड्रा

पाइनी फोर्क
१५ ऑगस्ट १९९९

नेड्रा,

पायाची जखम भरतेय. काठी घेऊन अंगणापर्यंत जाते आणि कुंपणापलीकडच्या ओला मे बार्न्सला त्या फुलांच्या खुर्चीबद्दल टोमणे मारून येते. त्या टाळ्या अजून आठवतात तिला. परवा म्हणाली, "पाचशे माणसं उभी राहिली होती माझ्यासाठी. तू कधी टाळी वाजवलीस?" मी तिच्या पायाची पट्टी बदलत होते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो हा असा.

तुझं पत्र मी तिला सगळं वाचून दाखवलं, शेवटच्या भागासकट. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "नेड्राला सांगितलं असतं तर तिला त्या बायकांच्या पाया पडावं लागलं असतं. वर्लीनला कोणाच्या पाया पडता येत नाही, वाकवतच नाही तिला." तेव्हा तू यात जळण्यासारखं काही शोधू नकोस. मला निवडलं ते माझ्या भांडखोरपणासाठी. आणि तेवढंही मला धड जमलं नाही.

साक्ष दिलीस की नाही, मी विचारत नाही. दिली असलीस तरी हे पत्र वाच. टपालानं पाठवतेय, एस्टेलला आत सोडत नाहीत म्हणून. तो फाटकाबाहेर पेट्रोल पंपावर गुरुवारी दुपारी थांबेल, पुढच्या गुरुवारी, आणि त्याच्या पुढच्याही. तुला गाडीत बसायचं असलं तर बस, नसलं तर त्याच्या हाती चिठ्ठी दे. हार्लनची नोकरी जाईल, जाऊ दे. माझ्याकडे कापड बेतायला माणूस हवंच आहे, तुझा हात सरळ चालतो. घरात दोन खोल्या आहेत आणि आई आहे. भांडायला आपण दोघी पुरेशा आहोत.

आणि हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. गेल्या रविवारी आई पहिल्यांदा टेबलाशी येऊन बसली. सुई झाली होती. मी ताट वाढलं, राजमा, मक्याची भाकरी, काकडी, टोमॅटोच्या चकत्या, सगळं तिला मऊ करून दिलं. मी समोर बसून वाट बघत होते, आता म्हणेल काहीतरी, वर्लीन तुझ्यामुळे जेवतेय, असलं काही. इतके दिवस उचलणं, न्हाऊ घालणं, रात्री उठणं केल्यावर एवढी आशा माणूस ठेवतं. तिनं एक घास घेतला. नीट चावून खाल्ला. मग चमचा खाली ठेवला आणि मला विचारलं, "नेड्रा जेवली असेल का?"

मला इतका राग आला की मी उठून ओट्याशी जाऊन उभी राहिले. तरी ती विचारतच राहिली. सोमवारी विचारलं, काल विचारलं, आज सकाळी ताटावर बसताना परत तेच. मी खोटं बोलून पाहिलं. ती अधू डोळ्यांनी बघते आणि तिला कळतं. नेड्रा जेवली असं मी म्हटलं नाही तर ती घास उचलत नाही, आणि तिची सुई झालेली असते.

म्हणून तुला लिहून विचारते, खरं ते कळव. जेवलीस का?

वर्लीन